कॅशे प्लगइन की साइट हलकी करणं? किल्ल्यांच्या साइटवर आठ महिने दोन्ही वापरून पाहिल्यावर

११ जुलै २०२५ ला रात्री बातमी आली की युनेस्कोने शिवकालीन १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. मी आणि माझा मावसभाऊ गेली काही वर्षं किल्ल्यांच्या वाटांची माहिती देणारी एक साइट चालवतो, वर्डप्रेस या साइट बनवायच्या मोफत प्रणालीवर. मी लिहितो, तो फोटो काढतो. त्या बारांपैकी दहा किल्ल्यांची पानं आमच्याकडे तयार होती. लोक येऊ लागले आणि तासाभरात साइट आडवी झाली. पानाच्या जागी ‘५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ एवढंच दिसत होतं. इतक्या वर्षांत ज्या एका रात्री लोकांना ही माहिती खरोखर हवी होती, त्याच रात्री आम्ही बंद होतो. ते फार लागलं.

५०८ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, तुमच्या खात्याला एका वेळी किती विनंत्या हाताळता येतील याची मर्यादा असते; आमच्या प्लॅनमध्ये ती २० होती. वर्डप्रेस प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने रांधतं. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) सुरू होतं, डेटाबेसमधून मजकूर येतो, थीम (साइटचं रूप) आणि सगळे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम) आपापलं काम करतात आणि मग एचटीएमएल बाहेर पडतं. आमच्याकडे या सगळ्याला सरासरी १.९ सेकंद लागत. रायगडचं तेच पान शंभर जणांनी मागितलं तर तेच पान शंभरदा रांधायचं. मग एकविसावा माणूस दारातच अडकतो.

ओळखीच्या एकाने सांगितलं, कॅशे प्लगइन टाक. रात्री साडेअकराला एक सगळ्या सोयी असलेला प्लगइन विकत घेऊन टाकला. पान एकदा तयार झालं की त्याची प्रत साठवायची आणि पुढच्या वाचकाला तीच द्यायची, एवढंच कॅशेचं काम. सर्व्हरचा प्रतिसाद १.९ वरून ०.२ सेकंदांवर आला, साइट उभी राहिली आणि शनिवार-रविवार पुन्हा पडली नाही. प्रश्न सुटला, असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात अकोले तालुक्यातल्या एका वाचकाचा निरोप आला: पान लगेच उघडतं, पण फोटो आणि नकाशा दिसेपर्यंत रेंज निघून जाते. मी घरच्या वायफायवर साइट बघत होतो. आमचा वाचक मात्र पायथ्याच्या गावात, एसटीत नाहीतर खिंडीत उभा राहून मोबाइलवर बघतो, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. हरिश्चंद्रगडाचं पान पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर मोबाइलसाठी तपासलं. पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, कॅशेआधी ९.१ सेकंद होता आणि कॅशेनंतर ७.४. गुगलच्या मते तो २.५ सेकंदांच्या आत हवा. कॅशेने सर्व्हरवरचे पावणेदोन सेकंद वाचवले होते, त्यापलीकडे काही नाही. पानाचं वजन १४ एमबी होतं, ते तसंच राहिलं. पहाटेची गाडी पकडली म्हणून पाठीवरची सॅक हलकी होत नाही, तसं.

या दोन कामांत निवड कशी करायची असं लोक विचारतात तेव्हा मी आता उलट विचारतो: उशीर नेमका कुठे होतो? पहिला बाइट, म्हणजे सर्व्हरकडून उत्तराची सुरुवात, येईपर्यंत वेळ जात असेल तर कॅशे कामाला येते. पहिला बाइट लवकर येऊनही पडदा पांढराच राहत असेल तर कॅशेच्या सेटिंगमध्ये कितीही रात्री घालवा, फरक पडणार नाही. मी घालवल्या आहेत.

माझी मोठी चूक पुढची. प्लगइनमध्ये फाइली एकत्र करणं, जावास्क्रिप्ट उशिरा चालवणं, सगळे फोटो लेझी लोड करणं (वाचक तिथवर पोचेल तेव्हाच फोटो आणणं) असे बरेच पर्याय होते. मी सगळेच चालू केले. जीपीएस ट्रॅक दाखवणारा नकाशा गायब झाला. मेनू पहिल्या टॅपला उघडेना. वरचा मुख्य फोटोही लेझी लोडमध्ये गेल्यामुळे एलसीपी उलट वाढला; जो फोटो सगळ्यांत आधी यायला हवा त्यालाच थांबवून ठेवलं होतं. संपर्काचा फॉर्म दिसत होता, पण त्यातून निरोप येणं बंद झालं. वर्डप्रेस अशा फॉर्ममध्ये सुरक्षेसाठी एक खूण ठेवतं, तिचं आयुष्य जास्तीत जास्त २४ तास. माझी कॅशे १० दिवसांची होती. दुसऱ्या दिवसापासून वाचकांना शिळी खूण असलेला फॉर्म जात होता आणि त्यांनी लिहिलेलं सगळं वाया जात होतं. हे मला १२ दिवसांनी कळलं.

आणि एक गोष्ट अजून मनातून जात नाही. जुलैअखेरीस एका धबधब्याकडची वाट प्रशासनाने पावसामुळे बंद केली. साइटच्या माथ्यावर आम्ही एक सूचनापट्टी ठेवली आहे. तिच्यात मी लगेच ‘वाट बंद आहे’ असं लिहिलं, पान उघडून पाहिलं, सूचना दिसली. चार दिवसांनी नाशिकच्या पाच जणांचा निरोप आला: आमच्या पानावर असं काहीच नव्हतं, ते पायथ्यापर्यंत जाऊन परत फिरले. परत फिरले म्हणून ठीक. वाट अडवायला कोणी नसतं आणि ते पुढे गेले असते तर?

कारण शोधलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. लेख बदलला की कॅशे प्लगइन त्या लेखाची जुनी प्रत टाकून देतो. पण सूचनापट्टी दुसऱ्याच एका छोट्या प्लगइनच्या सेटिंगमध्ये होती. तिथे काही बदललं हे कॅशेला कळायला मार्गच नव्हता. आणि मला सूचना दिसली ती मी लॉगइन असल्यामुळे. लॉगइन असलेल्या माणसाला बहुतेक कॅशे प्लगइन साठवलेली प्रत देतच नाहीत, ताजं पान देतात. चार दिवस मी एक साइट पाहत होतो आणि वाचक दुसरी. तेव्हापासून कोणताही बदल केला की मी तो इनकॉग्निटो खिडकीत आणि मावसभावाच्या फोनवर पाहिल्याशिवाय उठत नाही.

या प्लगइनचं नाव लिहीत नाही. पर्याय निवडले मी, आणि न समजता निवडले.

गणपती झाल्यावर आमच्याकडची गर्दी ओसरते. त्या दिवसांत कॅशे पूर्ण बंद केली आणि साइट उघडीवाघडी तपासली. हे सगळ्यात उपयोगी पडलं. कॅशे चालू असताना साइटचं दुखणं दिसत नाही, ते फक्त झाकलं जातं. नवं पान, शोध, कॉमेंट टाकणारा वाचक, अशा जिथे जिथे कॅशे लागू होत नाही तिथे ते दुखणं तसंच असतं. क्वेरी मॉनिटर या मोफत प्लगइनने डेटाबेसला किती प्रश्न जातात आणि कोणामुळे जातात ते दाखवलं. लेखाखाली ‘हेही वाचा’ दाखवणारा एक प्लगइन प्रत्येक वेळी सगळे लेख चाळत होता. तो काढला, दुवे हाताने दिले. वर्डप्रेसच्या साइट हेल्थ या तपासणीच्या पानावर ६.६ आवृत्तीपासून ऑटोलोड होणाऱ्या, म्हणजे दर वेळी आपोआप वाचल्या जाणाऱ्या, सेटिंगांची तपासणी आहे, ८०० केबीच्या वर गेलं की ती इशारा देते. आमचं २.६ एमबी होतं. कधीच काढून टाकलेल्या प्लगइनांचा हा मागे राहिलेला पसारा प्रत्येक पानाबरोबर वाचला जात होता. बॅकअप घेऊन तो साफ केला. पीएचपी ७.४ होतं, ज्याचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलेत, ते ८.२ केलं. कॅशेशिवाय प्रतिसाद १.९ वरून ०.७ सेकंदांवर आला. एक रुपयाही न खर्चता.

मग फोटो. वर्डप्रेस ५.३ पासून मोठा फोटो आपोआप २५६० पिक्सेलवर आणतं, त्यामुळे आपलं भागलं असं आम्ही समजत होतो. पण पावसाळ्यातलं गवत, धुकं, कातळ असलेला २५६० पिक्सेलचा जेपीईजी आमच्याकडे सव्वा एमबीच्या आसपास भरतो. वर्डप्रेस मोबाइलला लहान प्रतही देऊ शकतं, पण आमचा वरचा फोटो सीएसएसमधून (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधून) पार्श्वभूमी म्हणून टाकलेला होता आणि खालचा स्लायडर दहाच्या दहा फोटो पूर्ण आकारात आणत होता, त्यामुळे त्या सोयीचा फायदाच नव्हता. स्लायडर काढला. मुख्य फोटो साध्या इमेज ब्लॉकमध्ये घेतला, १२०० पिक्सेल, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात, १५० केबीच्या आसपास. मावसभावाला हे जड गेलं. कोकणकड्याचा फोटो तो पहाटे तीनला उठून काढतो, आणि मी त्याला सांगतो छोटा कर. आम्ही मधला मार्ग काढला: पानात हलका फोटो, त्यावर टॅप केलं तर मोठा.

मराठी साइटवाल्यांनी फॉन्टकडे जरूर बघावं, याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे आकार वेगळे साठवावे लागतात, म्हणून तो रोमनपेक्षा बराच जड असतो. आमच्या थीममध्ये फॉन्टची तीन कुटुंबं आणि मिळून नऊ वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) येत होती. ‘दुसऱ्या साइटवर तोच गुगल फॉन्ट आला असेल तर ब्राउझरकडे असतोच’ हा समज आता खरा नाही; क्रोमने २०२० मध्ये प्रत्येक साइटची कॅशे वेगळी केली. मजकुरासाठी आम्ही फोनचाच देवनागरी फॉन्ट ठेवला. शीर्षकांसाठी फक्त ‘मुक्त’ हा फॉन्ट, दोन वजनांत, आपल्याच सर्व्हरवरून. फाइल लहान करायला त्यातली अक्षरं छाटू नका. मी छाटली, तर शीर्षकातलं ‘दुर्ग’ तुटून दिसलं. किल्ल्यांच्या साइटवर ते बघवलं नाही, लगेच पूर्ण फॉन्ट परत आणला.

या सगळ्यानंतर हरिश्चंद्रगडाचं पान १४ वरून १.६ एमबीवर आलं आणि एलसीपी कॅशेशिवाय २.९ सेकंद. नोव्हेंबरात कॅशे परत आणली, या वेळी डब्ल्यूपी सुपर कॅशे. मोफत आहे, ऑटोमॅटिक या वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीचा आहे आणि मला हवं तेवढंच करतो. ‘सिंपल’ पद्धत, मुदत १२ तास. फायली जोडणं, जावास्क्रिप्ट लांबवणं, काही नाही. एलसीपी २.४ झाला. सूचनापट्टी आता पानाच्या प्रतीत नसते, पान उघडल्यावर वेगळी मागवली जाते, तिला कॅशे लागत नाही. तरीसुद्धा ती बदलली की मी सगळी कॅशे हाताने साफ करतो.

तुमची परिस्थिती वेगळी असेल. होस्टिंग लाइटस्पीड या प्रकारच्या सर्व्हरवर असेल तर लाइटस्पीड कॅशे हा मोफत प्लगइन घ्या, तो सर्व्हरच्याच कॅशेशी बोलतो. दुसऱ्या सर्व्हरवर त्याची मुख्य ताकद चालत नाही. डब्ल्यूपी रॉकेट या कॅशे प्लगइनची मोफत आवृत्ती नाही, पण हाताशी वेळ नसेल तर त्याचा विचार करायला हरकत नाही. फक्त एक पर्याय चालू करा, दोन दिवस बघा, मग दुसरा. वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायच्या प्लगइनवर) दुकान असेल तर आधी मूळ साइट हलकी करा. कार्ट आणि चेकआउट कॅशेबाहेरच ठेवावे लागतात, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते तिथेच. दोन कॅशे प्लगइन एकत्र कधीही नकोत. आणि पेजस्पीडमधली खऱ्या वाचकांची आकडेवारी मागच्या २८ दिवसांची असते, आज सुधारणा केली म्हणून उद्या ती बदलत नाही. मी सुरुवातीला रोज बघून हताश व्हायचो.

१९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, शिवनेरीच्या पानावर जुलैच्या त्या रात्रीपेक्षा जास्त लोक होते. होस्टिंगचा प्लॅन तोच, मर्यादा तीच २०. दिवसभर मी दर तासाला आलेख बघत होतो. एका वेळी चालू असलेल्या विनंत्या सहाच्या वर गेल्या नाहीत. संध्याकाळी अकोले तालुक्यातल्या त्या वाचकाला मी स्वतःहून विचारलं. तो म्हणाला, आता नकाशा खिंडीतही उघडतो, पण साल्हेरचं पान अजून जड आहे.

ते खरं आहे. जुनी ६० पानं बाकी आहेत. मावसभाऊ दर रविवारी चार-पाच पानांचे फोटो नव्याने करून पाठवतो. या रविवारी साल्हेर.