एक पाकीट बाबाबुडनगिरी, चार भांडी

माहेरी कॉफी म्हणजे उपासाला दुधात उकळलेली, वरून जायफळ किसलेली. चव जायफळाचीच असायची. त्यामुळे चिकोरी (स्वस्त पडावी म्हणून कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) नसलेल्या, कर्नाटकातल्या एकाच डोंगरातल्या कॉफीचं २५० ग्रॅमचं पाकीट ५२० रुपयांना मागवलं तेव्हा नानांनी (माझे सासरे) नुसत्या भुवया उंचावल्या.

पाकिटावर ‘बाबाबुडनगिरी, प्लँटेशन ए, मीडियम रोस्ट’. कॉफीच्या धंद्यात ‘प्लँटेशन’ म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका (कॉफीची एक जात). फळासकट वाळवली तर ती ‘चेरी’. मळ्याचं नाव मात्र कुठेच नाही. एवढे पैसे घेता तर दाणे कुणाच्या बागेतले तेही छापा की! भाजल्याची तारीख होती, नऊ दिवसांपूर्वीची, म्हणून माफ केलं.

पहिल्यांदा व्ही सिक्स्टी, म्हणजे कागदी गाळणी बसवलेला शंकू, वरून पाणी ओतायचं. १५ ग्रॅम पूड, २४० मिली पाणी. पहिलं थोडंसं पाणी ओतलं आणि पूड ढोकळ्यासारखी फुगून वर आली, मध्ये बारीक भोकं पडून फुसफुसली. भाजताना दाण्यात अडकलेला वायू तो. शिळ्या पुडीवर पाणी टाकलं तर ती नुसती भिजते. कप गरम असताना मोसंबीच्या सालीसारखा आंबटपणा, कोमट झाल्यावर मात्र चिंचगुळाच्या जवळचं काहीतरी. मी खूश. नानांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, “अगं, कोकमाचं सार गाळलंस का?”

फ्रेंच प्रेसमध्ये (पूड पाण्यात भिजवून वरून धातूची जाळी दाबायची ते भांडं) तीच कॉफी अंगाने भरली. जाळीतून तेल खाली येतं, कागदातून फारसं येत नाही, हा मुख्य फरक. जिभेवर तो चांगलाच कळतो. आंबटपणा मागे गेला, कोकोसारखा कडसरपणा पुढे आला. शेवटचा घोट कपातच ठेवायचा, गाळ असतो.

मोका पॉटकडून (गॅसवर ठेवायचं, खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणारं भांडं) मला फार आशा होती. सतराव्या शतकात बाबाबुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. हे इटालियन भांडं १९३३ चं, पण नाव त्याच बंदराचं. म्हटलं, घरच्याच भांड्यात बसतेय! कसलं काय. जळक्या पापडाचा वास. दुसऱ्या खेपेला खाली आधीच गरम केलेलं पाणी घातलं, गॅस बारीक ठेवला आणि फुर्रफुर्र सुरू व्हायच्या आत उतरवलं. पिण्याजोगी झाली, पण डोंगर, बिया, मोसंबी सगळं त्या कडूपणात बुडालं. या पाकिटासाठी मोका नको.

राहिला नानांचा पितळी, दाक्षिणात्य पद्धतीचा फिल्टर. बँकेच्या नोकरीत बंगळुरूला होते तेव्हाचा, तळाला पोचा आलेला. पहिल्या दिवशी डिकॉक्शन (खाली ठिबकणारा कॉफीचा अर्क) दहा मिनिटांत खाली, आणि पातळ पाणी. दोष फिल्टरचा नव्हता. चिकोरी पाणी धरून ठेवते; ती नसली की पाणी सरळ निघून जातं. दुसऱ्या दिवशी दळण ग्राइंडरवर दोन खाच बारीक केलं, पूड चकतीने जरा दाबली आणि अर्धा तास झाकून ठेवली. उतरलं ते काळसर लाल, बोटाला किंचित चिकट. एका वाट्याला तीन वाटे दूध, अर्धा चमचा साखर. दुधात व्ही सिक्स्टीवाली मोसंबी साफ गेली, पण चॉकलेटचा वास कप तोंडाशी न्यायच्या आधीच आला. नानांनी दुसरा कप मागितला, आणि जायफळाची डबी स्वतःच फळीवर ठेवून दिली.

काळी पिणार असाल तर व्ही सिक्स्टी, तीही कोमट करून. दूध घालणार असाल तर साधा फिल्टर, पण दळण बाजारात मिळतं त्याहून बारीक हवं. म्हणून दाणेच मागवा. माझ्याकडे साठेक ग्रॅम उरलेत, त्यावर सध्या नानांचा हक्क आहे.