स्कायरिममधलं डार्क ब्रदरहूड: सात महिने, तीन कॅरेक्टर आणि एकच प्रश्न

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा स्कायरिम या व्हिडिओ गेमचं स्पेशल एडिशन पुन्हा टाकलं आणि ठरवलं की या वेळी ड्रॅगन वगैरे सगळं बाजूला ठेवायचं, फक्त डार्क ब्रदरहूड, म्हणजे मारेकऱ्यांची टोळी, खेळायचं, आणि तेही नीट रोलप्ले करून, कॅरेक्टरच्या भूमिकेत शिरून. गेम आला २०११ ला, मी आधी दोनदा पूर्ण केलाय, पण दोन्ही वेळा मारेकऱ्यांच्या टोळीत शिरले ती फक्त क्वेस्ट दिसली म्हणून. आता जानेवारी संपत आलाय. सात महिन्यांत तीन कॅरेक्टर झाली, त्यातली दोन अर्ध्यात सोडली, आणि तिसरीने मला इतकं गुंतवलं की त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

नियम आधी सांगते. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट उडी, बंद, चालत नाहीतर घोडागाडीने. कोणी मेलं तर जुनं सेव्ह लोड करायचं नाही. आणि रात्री खेळून झालं की कॅरेक्टरच्या तोंडून चार ओळी वहीत, मराठीत. हा वहीचा नियम सगळ्यात कामाचा निघाला, कारण कॅरेक्टरचं कारण तकलादू असेल तर ते आधी वहीत कळतं, दोन दिवस सलग "आज एकाला मारलं, पैसे मिळाले" एवढंच लिहिलं जातं आणि पेन पुढे सरकत नाही.

पहिलं कॅरेक्टर पैशासाठी आलेलं होतं, भाडोत्री तलवारबाज. सगळ्यांना सुचतं तेच कारण. तीन आठवडे टिकलं. अडचण साधी आहे, या गेममध्ये पैसा फार पटकन येतो, एखादं ड्रॉगरांनी, म्हणजे चालत्याफिरत्या मुडद्यांनी, भरलेलं थडगं साफ केलं आणि लूट विकली की टोळीत कामं वाटणाऱ्या नझीरच्या छोट्या कॉन्ट्रॅक्टपेक्षा जास्त हातात येतात आणि ड्रॉगर तर आधीच मेलेले, मनाला काही लागत नाही. मग ज्याला पैसाच हवाय तो माणूस झोपलेल्यांचे गळे कशाला कापत बसेल? कॅरेक्टर हुशार आहे असं मानलं तर तो पहिल्याच महिन्यात हे सोडून जातो. माझाही गेला. पैसा हे कारण दुसऱ्या कशाला जोडून चालतं, कर्ज असेल, घरी कोणी आजारी असेल, पण नुसता पैसा नाही चालत.

दुसरी होती हाल्डा, नॉर्ड (स्कायरिमचे मूळ लोक) मुलगी, रिफ्टन शहराच्या ऑनरहॉल अनाथाश्रमात वाढलेली. इथे गेम स्वतःच हात देतो. ज्यांनी खेळलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते, डार्क ब्रदरहूडचं दार विंडहेल्ममधल्या एका पोरापासून उघडतं. अव्हेंटस अरेटिनो. आई गेली, त्याला ऑनरहॉलला पाठवलं, तिथल्या ग्रेलोड नावाच्या म्हातारीच्या जाचाला कंटाळून तो पळून घरी आला आणि आता रिकाम्या घरात हाडं, काळीज आणि मेणबत्त्या मांडून मारेकऱ्यांना बोलावणारा विधी करत बसलाय, रात्रंदिवस. तुम्ही आत गेलात की त्याला वाटतं आपली हाक ऐकली कोणीतरी. ग्रेलोडला मारलं की आश्रमातली पोरं आनंदाने ओरडायला लागतात. हाल्डा त्याच खाटांवर झोपून मोठी झालेली, म्हणजे तिला कारण शोधावंच लागलं नाही. त्या रात्री वहीत मी दोन पानं लिहिली.

पुढे निरोप्या एक चिठ्ठी आणून देतो, काळ्या पंजाचा ठसा आणि खाली दोनच शब्द, की आम्हाला माहीत आहे. मग कुठेही झोपा, जाग येते ती दलदलीतल्या एका पडक्या झोपडीत. वर टोळीची म्होरकी अ‍ॅस्ट्रिड आरामात बसलेली, समोर गुडघ्यांवर तीन माणसं, तोंडावर बुरखे, हात बांधलेले. ती म्हणते की ग्रेलोड आमचं कॉन्ट्रॅक्ट होतं, तू तो खून चोरलास, आता तो फेड. तिघांपैकी एकावर सुपारी आहे, कोणावर ते तूच ठरव. आणि तुम्ही कोणालाही मारा, खरं कोण होतं ते ती कधीच सांगत नाही. मला हा प्रसंग रोलप्लेच्या दृष्टीने अख्ख्या गेममधला सगळ्यात भारी वाटतो. कारण तिथे तुमचं कारण तपासलं जातं. ग्रेलोडला मारणारी रागाने मारते, पण या तिघांवर राग कसला? हाल्डाने त्यातल्या भाडोत्री सैनिकाला मारलं आणि वहीत लिहिलं, "हा तरी कोणाचातरी ग्रेलोड असेल." चालून गेलं.

नार्फीपाशी नाही चालून गेलं.

नझीर सुरुवातीला तीन नावं देतो. त्यातला नार्फी हा इव्हारस्टेडच्या बाहेर पडक्या घरात राहणारा भिकारी आहे, डोकं ठिकाणावर नाही, हरवलेल्या बहिणीला, रेडाला, हाका मारत असतो. बास. त्याला कोणी आणि का मारायला सांगितलंय हे गेम कधीच सांगत नाही. मी रात्रीची वेळ धरून गेले, खाली वाकून, सुरी काढलेली, आणि तो अंधारात स्वतःशीच रेडा रेडा करत उभा. माझा धाकटा भाऊ मागे खुर्चीवर बसून बघत होता, कॉलेजचं सबमिशन करता करता. म्हणाला, "ताई, याने काय केलंय?"

मी म्हटलं, "काही नाही."

"मग?"

हाल्डाकडे उत्तर नव्हतं. अनाथ पोरांचा सूड घ्यायला आलेली मुलगी एका अनाथ वेड्याला मारणार असेल तर मग ती हाल्डा नाहीच, मी आहे, क्वेस्ट संपवायची घाई असलेली. मी सुरी आत ठेवली. गंमत अशी की इव्हारस्टेड म्हणजे सात हजार पायऱ्यांचा पायथा, वर हाय ह्रोथगारला साधू राहतात. हाल्डा चिलखत काढून त्या पायऱ्या चढून गेली आणि मी ते सेव्ह तिथेच बंद केलं. कॉन्ट्रॅक्ट आजही तिच्या जर्नलमध्ये अर्धवट आहे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत जायचं कारण आणि आत राहायचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण सगळे पहिल्यावर मेहनत घेतो, बालपण, सूड, जळालेलं गाव. पण पहिल्या खुनानंतर, जेव्हा समोर निरपराध माणूस येतो, तेव्हा ही इथे का थांबली, हा प्रश्न विचारून कॅरेक्टर बनवायला पाहिजे.

तिसरी उशीजा. अर्गोनियन, म्हणजे सरड्यासारखी माणसं, ब्लॅक मार्शची. अर्गोनियनांच्यात पूर्वी चाल होती, छाया नक्षत्रावर जे पिल्लू जन्मेल ते डार्क ब्रदरहूडला द्यायचं, लहानपणापासून मारेकरी म्हणून तयार करायचं, त्यांना शॅडोस्केल म्हणत. स्कायरिमच्या काळात ती चाल संपलीय. टोळीचा अड्डा असलेल्या फाल्क्रीथच्या गुहेत वीझारा नावाचा अर्गोनियन आहे, तो म्हणतो शॅडोस्केलांमधला मी शेवटचा. माझी उशीजा जन्मली छायेवरच, पण तिला न्यायला कोणी आलंच नाही, कारण न्यायला कोणी उरलंच नव्हतं. आयुष्यभर तिच्या मनात की माझी जागा कुठेतरी होती आणि ती मला मिळाली नाही. गेममध्ये याला आधार हवा म्हणून रिफ्टनच्या दक्षिणेला जो छायेचा दगड आहे (असे दगड कॅरेक्टरला एकेक वरदान देतात) तो घेतला आणि नंतर कधीच बदलला नाही, दुसरे दगड कितीतरी फायद्याचे असूनही.

आणि ती राहते कुठे, तर विंडहेल्मच्या गोदीत. इथे सगळं असं जुळून आलं की मी स्वतः थक्क झाले. विंडहेल्ममध्ये अर्गोनियनांना शहराच्या भिंतीआत राहू देत नाहीत, ते बाहेर गोदीवर एका घरात दाटीवाटीने राहतात, टॉर्ब्यॉर्न शॅटर-शील्ड नावाच्या जहाजमालकाकडे हमाली करतात आणि तो त्यांना नॉर्ड मजुरांच्या मानाने अगदीच फुटकळ मजुरी देतो. अव्हेंटसचं घर त्याच शहरात. म्हणजे उशीजाने त्या पोराबद्दल ऐकलं ते ओझी वाहताना, आणि गेली ती ग्रेलोडसाठी नाही, तर पोरगं कोणाला बोलावतंय हे तिला माहीत होतं म्हणून. ते येतील, तेव्हा मी तिथे असेन, एवढंच.

नार्फी तिलाही मिळाला. या वेळी मी घाई केली नाही. इव्हारस्टेडच्या खानावळीतल्या विल्हेल्मकडून रेडाची हकीकत ऐकली, पुलाजवळ पाण्यात तिची हाडं आणि पिशवी शोधली, पिशवीतली माळ नार्फीला नेऊन दिली. दोन दिवस तिथेच थांबले. तिसऱ्या रात्री त्याला मारलं. उशीजाला राग नव्हता, मजा तर नव्हतीच, तिच्या लेखी बोलावणं आलं की जायचं असतं आणि का हे विचारायचं नसतं, आणि हे ज्या माणसांकडून तिला शिकवलं जायला हवं होतं ती तिच्या जन्माआधी संपली म्हणून ती ते स्वतःच शिकतेय. मला ते आवडलं नाही. मला वाईट वाटत होतं आणि तिला वाटत नव्हतं, आणि तेव्हा पहिल्यांदा ती माझ्यापासून वेगळी झाली. वहीत त्या रात्री एकच ओळ आहे: "माळ त्याच्या हातात होती."

कर्तव्य हे कारण असेल तर अजून एक फायदा होतो, टोळीच्या आतली भांडणं अर्थपूर्ण होतात. अ‍ॅस्ट्रिडने जुने पाच नियम मोडीत काढलेत. सिसेरो हा विदूषक नाइट मदर, म्हणजे टोळी जिला आई मानते, तिची शवपेटी घेऊन येतो आणि जुन्या नियमांवर अडून बसतो. पैशासाठी आलेल्याला हे सगळं कंटाळवाणं वाटेल, उशीजा मात्र फाटली मधोमध, कारण वरच्याचा हुकूम मोडायचा नाही हाही नियम आणि भावाबहिणीला मारायचं नाही हाही नियम, आणि अ‍ॅस्ट्रिड हुकूम देते की सिसेरोला मार. डॉनस्टारच्या बर्फात रक्ताच्या थेंबांमागून जाऊन जखमी सिसेरोला सोडलं आणि परत येऊन खोटं बोलले. गेम तुम्हाला हे करू देतो याचं मला फार कौतुक आहे.

नील्सिनचंही तसंच. मार्कार्थची म्युरी तिच्या फसव्या प्रियकराला मारायला सांगते आणि जमलं तर नील्सिन शॅटर-शील्डलाही. तीच ती, गोदीच्या मालकाची मुलगी. हे मी ठरवून आणलं नव्हतं, कसम. उशीजाच्या हाडात ज्या माणसाची हमाली मुरलीय त्याची पोर, आणि एक पोर त्याने आधीच गमावलीय, फ्रिगा. मी घरात शिरले, जिन्यापाशी उभी राहिले बराच वेळ आणि परत फिरले. कारण नील्सिन ही म्युरीच्या मनातली जास्तीची मागणी होती, खरं कॉन्ट्रॅक्ट नव्हतं, आणि रागाने मारलं की उशीजा शॅडोस्केल राहत नाही. नील्सिनला मारल्याबद्दल म्युरी जी अंगठी देते ती गेली, जाऊ दे.

आता जे खटकलं ते. नाही म्हणायची सोय जवळजवळ नाही. झोपडीतच अ‍ॅस्ट्रिडला मारलं तर वेगळी वाट मिळते, ड्रॅगन ब्रिजला सम्राटाच्या रक्षकदलाच्या कमांडर मारोकडे जायचं, टोळी संपवायची, ३००० सोन्याची नाणी. ते चांगलंय. पण एकदा आत गेलात की मग नार्फीसारख्याला वाचवायचं, नझीरला समजवायचं, पैसे भरून सोडवायचं, काहीच नाही. दुसरं म्हणजे बोलायचे पर्याय फार तोकडे. सॉलिट्यूडला लग्नात नवरीला, व्हिटोरिया व्हिचीला, मारल्यावर पळायला मदत म्हणून वीझारा येतो, स्वतः पहारेकऱ्यांना अंगावर घेतो. उशीजाला त्याला एकच गोष्ट सांगायची होती, की तू शेवटचा नाहीस. गेममध्ये तसा पर्यायच नाही. मी त्याच्यासमोर उभी राहून कीबोर्डवरून हात काढून बसले होते.

आणि मग ती आग. विश्वासघात होतो, फाल्क्रीथची गुहा पेटवतात, तुम्ही परत येता तेव्हा टोळीतला फेस्टस बाहेर झाडाला बाणांनी खिळलेला आणि आत धूर. मला शेवट माहीत होता, दोनदा खेळलेय. तरी वीझारा जमिनीवर दिसला तेव्हा मी पुढे गेलेच नाही. तो म्हणायचा ते खोटं होतं आतापर्यंत, आता उशीजाबद्दल खरं झालं. भावाने मागून विचारलं, "रडतेयस?" मी हो म्हटलं.

भावाचंही एक सांगते, कारण त्याने माझं बघून स्वतःचं सुरू केलं. रेडगार्ड, म्हणजे हॅमरफेल प्रांतातल्या लोकांपैकी. चौथ्या युगाच्या १७५ मध्ये सम्राट टायटस मीड दुसरा याने तह करून हॅमरफेलचा बराच भाग थाल्मोर या एल्फ राजवटीला देऊन टाकला, लोक पुढे स्वतःच लढले १८० पर्यंत. गेम घडतो २०१ मध्ये, म्हणजे त्याच्या कॅरेक्टरचा बाप त्या लढाईतला. टोळीत आला तेव्हा कॅरेक्टरला माहीतच नाही की शेवटचं कॉन्ट्रॅक्ट सम्राटाचं आहे. जहाजावर, कटारियावर, पोचला तर म्हातारा शांत बसलेला, म्हणतो वाट बघत होतो, आणि एकच मागणं करतो, ज्याने हे करवलं त्यालाही सोडू नकोस. भावाने गेम पॉझ करून पंधरा मिनिटं येरझाऱ्या घातल्या. शेवटी त्याने दोघांनाही मारलं, सुपारी देणाऱ्या मोटिएरला नंतर. ज्यांना तयार कारण हवंय त्यांनी हे घ्या, फक्त सम्राटाचं नाव कॅरेक्टरच्या डोक्यात आधीपासून घालू नका.

माझी उशीजा सध्या डॉनस्टारला, टोळीच्या नव्या गुहेत आहे. मोटिएरचे २०,००० मिळाले, चोरांच्या टोळीतला डेल्विन मॅलरी या गुहेचं सगळं काम १९,००० मध्ये करून देतो, मी यातनाघर सोडून बाकी घेतलं. सिसेरो परत आला, बॅबेट आणि नझीर आहेत. पलंगाजवळ वीझाराची सुरी ठेवलीय, म्हणजे साधी लोखंडी सुरी, ती त्याची आहे असं मी आणि तिने ठरवलंय.

पुढच्या आठवड्यात ऑब्लिव्हियन, याच मालिकेतला आधीचा गेम, सुरू करतेय, तोच प्रांत नाही, दोनेकशे वर्षं आधीचा काळ. तिथे शेडिनहालच्या गुहेत ओचीवा आणि तेइनावा ही शॅडोस्केल भावंडं आहेत, आणि एका टप्प्यावर गुहेतल्या सगळ्यांना संपवायचा हुकूम येतो. तिथली कॅरेक्टर या दोघांसाठीच टोळीत येणार आहे. हुकूम आल्यावर ती काय करेल ते मी अजून ठरवलेलं नाही आणि तिथे पोचेपर्यंत ठरवणारही नाही.