रीपरमधील रीट्यून: बेसूर आभासी वाद्यांचा माग काढताना आलेला अनुभव

रीपर या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा रीट्यून हा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) बहुतेक जण गायकाचा आवाज सुरात आणण्यासाठी वापरतात. मी मात्र गेले अनेक महिने त्याचा ट्यूनर, म्हणजे स्वरमापक, तेवढा वापरत आहे, आणि तोही आभासी वाद्ये (संगणकातील सॉफ्टवेअर-वाद्ये) बेसूर का वाजतात याचा शोध घेण्यासाठी. या वापरातून माझे एक मत पक्के झाले आहे. स्वर किती सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढला किंवा उतरला आहे हे मोजल्याशिवाय फाइन ट्यूनला, म्हणजे वाद्याचा सूर बारीक हलवण्याच्या सोयीला, हात लावू नये, कारण दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो.

मोजण्याची माझी पद्धत साधी आहे. रीट्यून वाद्याच्या लगेच नंतर, म्हणजे रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस या परिणामांच्या आधी ठेवायचा, वाद्यातील व्हिब्रेटो (स्वराचे कंपन) आणि युनिसन (एकाच स्वराच्या अनेक प्रती) बंद करायचे आणि एकच लांब स्वर वाजवायचा. तुलनेसाठी शेजारच्या ट्रॅकवर रीसिंथ हा रीपरचाच साधा सिंथेसायझर ठेवून मिडीचा (वाद्यांना स्वरांचे संदेश देणाऱ्या पद्धतीचा) ६९ क्रमांकाचा स्वर, म्हणजे ४४० हर्ट्झ, वाजवून पाहावा. तेथे काटा मध्यावर स्थिर राहिला, तर मापक बरोबर आहे असे धरून पुढे जाता येते.

वाद्य सर्वच स्वरांवर सुमारे ३२ सेंट उतरलेले दिसले, तर त्याचा मूळ स्वर कोणीतरी ४३२ हर्ट्झवर नेलेला असतो. सुमारे ८ सेंट चढलेले असेल, तर तो ४४२ वर असतो. फरक नेमका १०० सेंटचा किंवा त्याच्या पटीत असेल, तर ट्रान्सपोज (स्वर अर्धस्वरांनी सरकवणे) किंवा सॅम्पलरमधील, म्हणजे ध्वनिमुद्रित नमुने (सॅम्पल्स) वाजवणाऱ्या वाद्यातील, रूट की (नमुन्याचा मूळ स्वर) तपासावी. पूर्ण सप्तकाचा फरक पुष्कळदा बिघाडच नसतो, कारण मिडीच्या ६० क्रमांकाच्या स्वराला काही सॉफ्टवेअर सी-३ म्हणतात आणि काही सी-४.

सर्वाधिक वेळ खाणारा दोष पिच बेंडचा, म्हणजे कळफलकावरील चाकाने स्वर वर-खाली वाकवण्याचा असतो. मिडीमध्ये बेंडचे मूल्य ० ते १६३८३ असते आणि ८१९२ हा त्याचा मध्य असतो. वाजवणाऱ्याने चाक सोडण्याआधी रेकॉर्डिंग थांबले, किंवा क्लिप बेंडच्या मधोमध कापली गेली, तर मध्यावर परतण्याचा संदेश वाद्यापर्यंत पोहोचतच नाही आणि पुढचे सगळे स्वर त्याच तिरक्या जागी अडकून राहतात. अशा वेळी ट्यूनरवर ३७ किंवा ६१ असा कोणत्याही हिशेबात न बसणारा आकडा दिसतो, आणि गाणे वेगळ्या जागेपासून सुरू केले की तो बदलतो. हे बदलणे हीच बेंडची खूण. प्रत्येक क्लिपच्या आरंभी मध्याचे मूल्य लिहून ठेवणे हा खात्रीचा उपाय आहे. कळफलकाची आणि वाद्याची बेंडची मर्यादाही एकच असावी लागते. साध्या वाद्यांत ती सहसा दोन अर्धस्वरांची असते, तर एमपीई या, प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवू देणाऱ्या मिडी पद्धतीत प्रत्येक स्वराच्या चॅनेलसाठी ती मुळातच ४८ अर्धस्वर धरलेली असते, त्यामुळे दोन्हींची गल्लत झाली की मींड भलतीकडेच जाऊन पोहोचते.

सॅम्पल रेटच्या, म्हणजे आवाजाचे दर सेकंदाला किती नमुने घेतले जातात त्याच्या, बाबतीत मात्र हा ट्यूनर आतून पाहून प्रत्येक वेळी दोष सांगू शकत नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखे आहे. प्रकल्प ४४.१ किलोहर्ट्झचा असून ऑडिओ इंटरफेस (संगणकातून आवाज बाहेर काढणारे उपकरण) प्रत्यक्षात ४८ वर चालत असेल, तर ऐकू येणारे सगळे काही सुमारे १४७ सेंट, म्हणजे जवळपास दीड अर्धस्वर, चढते आणि लयही जवळपास नऊ टक्क्यांनी वाढते. परंतु ट्यूनर प्रकल्पातील आकडेच मोजत असल्यामुळे त्याचा काटा निर्धास्तपणे मध्यावर उभा राहतो. कान एक सांगतो आणि काटा दुसरेच सांगतो असे झाले, की स्पीकरसमोर स्वतंत्र ट्यूनर धरावा. याउलट सॅम्पलरने एखादी ४४.१ ची फाइल ४८ ची समजून वाजवली, तर तेवढाच फरक रीट्यूनवर स्पष्ट दिसतो आणि तो त्या एकाच वाद्यापुरता राहतो.

एका सशुल्क वाद्यसंचातील बासरीचे मोजकेच स्वर उतरलेले लागत होते, तेही दर खेपेला नव्हे. आळीपाळीने वेगवेगळी सॅम्पल्स वाजवणाऱ्या वाद्यांत असे घडते, म्हणून तोच स्वर निरनिराळ्या जोराने पुनःपुन्हा वाजवून पाहावा लागतो. नेमके सॅम्पल सापडले, की सॅम्पलरमध्ये त्या झोनपुरते (ते सॅम्पल वापरणाऱ्या स्वरपट्ट्यापुरते) फाइन ट्यून बदलावे. संपूर्ण वाद्य चढवले, तर सुरेल असलेले स्वरही बिघडतात.

मंद्र स्वरांत काटा डळमळतो, पण तो दोष प्लगइनचा नाही. ४१ हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तनच सुमारे २४ मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे मोजण्याची खिडकी (एका वेळी तपासला जाणारा आवाजाचा तुकडा) मोठी करावी आणि स्वर लांब धरावा. घंटेसारख्या वाद्यांवर मात्र हे मोजमाप फारसे विश्वासार्ह नसते.

काही फरक दुरुस्त करायचेच नसतात. पियानोच्या तारा ताठ असल्यामुळे त्यांचे उपस्वर गणितापेक्षा किंचित चढे निघतात, म्हणून कुशल कारागीर खालचे स्वर थोडे उतरवून आणि वरचे थोडे चढवून जुळवतात. संशोधक रेल्सबॅक यांनी १९३८ मध्ये हा कल वक्राच्या रूपात मांडला. चांगल्या पियानोच्या सॅम्पल्समध्ये तोच कल काट्यावर दिसतो, आणि तो सपाट केला की वाद्य निर्जीव वाटू लागते. गंधाराचेही तसेच आहे. समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, तर नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ वर. लांब धरलेल्या षड्जावर हा १४ सेंटचा फरक सरावलेल्या कानाला टोचतो, पण ट्यूनर त्याला निर्दोष ठरवतो. त्यासाठी फाइन ट्यून नव्हे, तर स्काला या स्वरसप्तके रचण्याच्या सॉफ्टवेअरच्या स्वरसप्तक-फाइल वाचणारे वाद्य लागते; सर्ज एक्सटी हा विनामूल्य सिंथेसायझर ते काम उत्तम करतो.

आकडे डोळ्यांनी वाचून टिपावे लागतात, म्हणून मी ते प्रकल्पाच्या टिपणातच लिहितो: वाद्य, स्वर, जोर आणि सेंट. पुढच्या वेळी तेच वाद्य घेतले, की आधी त्या नोंदीशी ताडून पाहतो आणि फरक वाढलेला दिसला, तरच शोध सुरू करतो.