कलेजीच्या वड्या, रताळं आणि आमचा बंड्या: घरच्या ट्रीट्सचे आठ महिने

बंड्या सहा किलोचा आहे आणि त्याचा आवाज साठ किलोचा. सगळे त्याला पॉमेरियन म्हणतात, आम्हीपण म्हणायचो, डॉक्टर म्हणाले हा इंडियन स्पिट्झ, आपल्याकडे पॉम म्हणून दिसतात त्यातले बरेचसे हेच असतात. असो. मुद्दा असा की बेल वाजली की भुंकायचं, लिफ्टमधे कोणी आलं की भुंकायचं, आणि बाहेर दुसरं कुत्रं दिसलं की पट्ट्याला लटकून दोन पायांवर नाचायचं. म्हणून ट्रेनिंग घरीच सुरू केलं आणि पहिल्याच महिन्यात कळलं की ट्रीट्स, म्हणजे शिकवताना बक्षीस म्हणून द्यायचा विकतचा खाऊ, परवडत नाहीत. सत्तर ग्रामचं पाकीट साधारण पावणेदोनशेला, चार दिवसांत फस्त. बरं ते बिस्किट एवढं कडक की हा पठ्ठ्या ते तोंडात धरून सोफ्याखाली जाणार, तिथे कुरुकुरु खाणार, चुरा चाटणार, आणि बाहेर येईपर्यंत आपण त्याला काय शिकवत होतो ते त्यालाही आठवत नाही आणि मलाही.

त्यामुळे घरचं सुरू केलं ते पैशासाठी, पण आठ महिन्यांनी विचाराल तर खरा फायदा मऊपणाचा आणि आकाराचा आहे. छोट्या कुत्र्याला मटारच्या दाण्याएवढा, खरंतर त्याच्याही अर्धा तुकडा पुरतो. तोंडात गेला, गिळला, परत आपल्याकडे बघतोय. पाच मिनिटात वीस वेळा ‘बस’ करून होतं.

सगळ्यात यशस्वी पदार्थ म्हणजे कलेजीच्या वड्या. पाव किलो चिकनची कलेजी, एक अंडं, चार चमचे नाचणीचं पीठ. कलेजी धुऊन मिक्सरला फिरवायची, बाकीचं घालायचं, ताटलीला तेलाचं नुसतं बोट फिरवून त्यात ओतायचं आणि कुकरला शिट्टी न लावता वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं, कोथिंबीर वडी करतो तसंच. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही, कच्चा नको शिजवलेला नको पावडरपण नको, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींची वाट लागते त्याने. गार झालं की आधी उभ्या मग आडव्या सुऱ्या मारून बारीक चौकोन पाडायचे आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा मिनिटं परतायचे म्हणजे हाताला चिकटत नाहीत. सगळा खर्च साठ रुपयांच्या आत. छोट्या छोट्या पुड्या करून फ्रीजरमधे, दोन-तीन दिवसांपुरतीच खाली फ्रीजमधे.

वास! त्याबद्दल कुणीच आधी सांगत नाही. आमच्या सासूबाई पूर्ण शाकाहारी, त्यांच्या ओट्यावर कलेजी म्हणजे काय ते समजून घ्या. शेवटी तह झाला, बाल्कनीत इंडक्शन, वेगळा कुकर, वेगळी सुरी, आणि श्रावणात पूर्ण बंद. श्रावणातलं ते महिनाभर बरंच झालं म्हणायचं, कारण त्यामुळे शाकाहारी प्रकार करून बघितले. उकडलेलं रताळं हिट. गाजर आणि काकडी घरात चालते, रस्त्यावर तोंडात घेऊन थुंकतो. लाल भोपळा आवडतो पण हाताचा चिखल होतो. पनीर म्हणजे त्याच्यासाठी सोनं, आणि तिथेच मी फसले.

पनीर घरचं, दूध नासवून केलेलं, बिनमिठाचं, म्हणून मी सढळ हाताने देत राहिले. दीड महिन्यात बंड्या सहाचा सहा किलो सातशे झाला. आपल्याला सातशे ग्राम म्हणजे एक लग्नाचं जेवण, त्याच्या अंगावर ते दहा टक्क्याच्या वर आहे. डॉक्टरांनी बरगड्यांवर माझाच हात ठेवून दाखवला, म्हणे हाताला लागतात का बघा. लागत नव्हत्या. मग त्यांनी हिशेब सांगितला, याला दिवसाला साधारण चारशे कॅलरी लागतात, त्यातला दहावा भाग ट्रीटचा, म्हणजे चाळीस. चाळीस कॅलरी म्हणजे उकडलेलं चिकन ब्रेस्ट पंचवीस ग्राम, किंवा अर्धं अंडं, आणि पनीर जेमतेम पंधरा ग्राम. वर हे की जास्त फॅटने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तेव्हापासून सकाळीच दिवसाचा कोटा वाटीत काढून ठेवते आणि तेवढं जेवण कमी करते, वाटी संपली की संपली, मग नवरा कितीही ‘अगं एकच’ म्हणू दे. कलेजीपण एक दिवसाआड, रोज दिली तर व्हिटॅमिन ए जास्त होतं असं त्यांनी सांगितलं, आणि एकदा मी उत्साहात जास्त दिली तेव्हा रात्री तीनदा खाली न्यावं लागलं ते वेगळंच.

दुसरी चूक पावसाळ्यातली. रताळ्याचे पातळ काप वाळवून चघळायला करतात ना, ते मी जुलैमधे पुण्यात करायला गेले. वरून छान वाळलेले दिसत होते, डब्यात भरले, पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर पांढरी लव. अख्खा डबा कचऱ्यात. घरच्या ट्रीटमधे टिकवणारं काही नसतं, आपल्या दमट हवेत ‘वाळवून बाहेर ठेवा’ हा प्रकार मी तरी परत करणार नाही.

घरात येणारे-जाणारे हा अजून एक विषय. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घेऊन शेजारच्या काकू प्रेमाने त्याला भरवायला आल्या, त्यात बेदाणे! द्राक्ष, मनुका, बेदाणे यातलं काहीही कुत्र्याच्या किडनीला घातक ठरू शकतं, आणि किती खाल्लं की होतं याचा नेम नाही. मी अक्षरशः हात धरला, काकू दोन दिवस फुगल्या. आता फ्रीजवरच कागद लावलाय: कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगगम. सफरचंद चालतं, बिया काढून.

ट्रेनिंगला किती उपयोग झाला म्हणाल तर बेलचं काम फत्ते. बेल वाजली की पायपुसण्यावर जाऊन बसायचं. त्यासाठी नवरा बिचारा रोज संध्याकाळी दहा-पंधरा वेळा बेल वाजवायचा आणि समोरचे आजोबा प्रत्येक वेळी त्यांचं दार उघडून बघायचे. तीन आठवडे लागले. आधी प्रत्येक वेळी खाऊ, मग कधी मिळेल कधी नाही. एक ट्रिक छोट्या कुत्रावाल्यांसाठी खास: त्याला पायाशी चालवायचं तर दर चार पावलांना वाकावं लागतं आणि कंबरेचे हाल होतात. मी लांब लाकडी उलथण्याच्या टोकाला घट्ट दही फासून नेते, किंवा नुसत्या भाजलेल्या दाण्याचं वाटण, दुसरं काही न घातलेलं, आणि ताठ उभी राहून चाटवते. लोक बघतात. बघू देत.

टेकडीवर मात्र फक्त कलेजी चालते, कारण तिथे मोर आहेत आणि मोरापुढे रताळ्याची काय किंमत. म्हणून चांगला माल बाहेरसाठी राखून ठेवायचा, घरात काकडी-गाजरावर भागवायचं, हे मला फार उशिरा सुचलं.

फटाक्यांना काहीच उपयोग झाला नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री वडी नाकाला लावली तरी हुंगली नाही, पलंगाखाली जाऊन थरथरत बसला. एवढं घाबरलेलं कुत्रं खातच नाही, त्या वेळी खाऊ पुढे करून काही शिकवता येत नाही. आधी दोन-तीन महिने फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून खाऊ द्यायला हवा होता, ते आता यंदा करतेय, सध्या आवाज मोबाइलच्या दुसऱ्या काडीवर आहे आणि बंड्या कान टवकारतो पण रताळं खातो.

विकतचं पाकीट पूर्ण सुटलेलं नाही. गावी जाताना सहा तासांच्या प्रवासात कलेजी नेली होती एकदा मे महिन्यात, गाडीच्या सीटला अजून वास येतो. त्यामुळे प्रवासाला कडक बिस्किटं, घरूनच बत्त्याने फोडून. आणि सासूबाई, ज्या कलेजीच्या दिवशी बाल्कनीचं दार स्वतः लावून घेतात, त्या हल्ली दुपारी रताळं उकडून एवढेसे काप करून ठेवतात. कोटा मोजत नाहीत, हे मी वजनकाट्यावर ओळखते.