शाळा सोडल्यावर लगेच वेळापत्रक, की आधी मोकळे महिने?

घरीच शिकवायचं हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न येतो. पहिल्या दिवसापासून घरात तासिका लावायच्या, की काही महिने पोराला मोकळं सोडायचं? आमच्याकडे दोन्ही झालं. सातवीतून काढलेल्या थोरलीला वेळापत्रक, चौथीतल्या धाकट्याला मोकळीक.

वेळापत्रकानं आजी-आजोबांच्या जिवाला घोर राहत नाही. नातेवाइकांनी ‘दिवसभर करते काय?’ विचारलं तर उत्तर तयार असतं. अभ्यासही होतो; थोरलीची बालभारतीची पुस्तकं दिवाळीआधीच निम्मी झाली होती.

मला जाच झाला तो वहीचा. तीन गणितं झाली की वही माझ्यापुढे, "पप्पा, बरोबर आहे का?" उतारा लिहिला की परत वही. मी बरोबरची खूण केल्याशिवाय पान उलटायची नाही, पाणी प्यायला उठतानासुद्धा विचारायची. शाळेतली ही सवय वेळापत्रकाबरोबर घरात आली आणि मुक्कामालाच राहिली. जेवताना लेकीशी दुसरं काही बोलणंच होईना.

धाकट्याचे सुरुवातीचे महिने बघवत नव्हते, हेही खरं. उशिरा उठायचं, ‘कंटाळा आला’ म्हणत लोळायचं. सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर तरी कुठं पाठवणार? मग एकदा ओळखीतल्या चादरीच्या कारखान्यात तो नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागासमोर उभा राहिला तो हलेचना. वर भोकं पाडलेले पुठ्ठे फिरतात; जिथं भोक, तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. घरी येऊन त्यानं चौकटीच्या वहीत मोर काढला, घरं रंगवली आणि एका आडव्या ओळीला एक पुठ्ठा असा हिशेब मांडत बसला. मोराची मान वाकडी आली तेव्हा कुठली ओळ चुकली ते त्यानंच शोधलं. वही माझ्याकडे आलीच नाही.

अर्थात पोरापोरात फरक असतो, आणि थोरली वयानंही मोठी होती. दहावी जवळ आली असेल तर वेळापत्रकच बरं: राज्य मंडळाला खाजगी बसायचं तर १७ नंबरच्या फॉर्मची मुदत असते, आणि एनआयओएसच्या, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेच्या, दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. लहान पोराला मात्र घाई नाही. एनआयओएसकडेच तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत.

चौथी-पाचवीचं मूल असेल तर माझं मत विचाराल, तर निदान दिवाळीपर्यंत भिंतीवर वेळापत्रक लावू नका. रोज थोडं मोठ्यानं वाचन, पाढे, आणि हिराचंद नेमचंद वाचनालयात एक चक्कर, एवढं पुरे. शाळा सोडल्याचा दाखला घेताना मात्र नाव आणि जन्मतारीख तिथंच उभं राहून वाचून घ्या. पुढं फॉर्म भरताना तोच कागद मागतात.