बंद बीजवाहिन्या आणि पुण्यातील एक आयव्हीएफ केंद्र : आमचा दीड वर्षाचा अनुभव

दोन्ही बीजवाहिन्या बंद असल्याचे निदान झाल्यावर मी पुण्यातील एका आयव्हीएफ केंद्रात दीड वर्ष उपचार घेतले. त्या केंद्राच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि एकाच जोडप्याच्या अनुभवावरून एखाद्या संस्थेवर शिक्का मारणे योग्य नाही. मात्र याच आजारासाठी कोठेही उपचार घेऊ पाहणाऱ्या स्त्रीला काय विचारावे आणि काय तपासून घ्यावे, हे यातून कळेल अशी आशा आहे.

आधीची हकिकत थोडक्यात सांगते. कोल्हापुरात एका ठिकाणी माझे तीन वेळा आययूआय झाले आणि तिन्ही वेळा पाळी आली. आययूआयमध्ये पतीचे शुक्राणू गर्भाशयात सोडले जातात, म्हणजे पुढचा प्रवास बीजवाहिनीतूनच व्हावा लागतो. तरीही नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे पाहणारी एचएसजी ही एक्स-रे तपासणी माझ्या बाबतीत तिसऱ्या अपयशानंतर झाली. त्या आठ महिन्यांचे दुःख मला अजून आहे. आययूआय सुचवले गेले, तर त्याआधी नळ्यांची तपासणी झाली आहे का, हे प्रत्येक स्त्रीने विचारलेच पाहिजे. एचएसजीच्या अहवालात उजवी नळी गर्भाशयाजवळ बंद आणि डावी टोकाशी बंद व फुगलेली, असे लिहिले होते.

पुण्याच्या केंद्रातील डॉक्टर मॅडमनी हा अहवाल वाचून लगेच आयव्हीएफची तारीख दिली नाही, आणि या केंद्राबद्दल माझ्या मनात जो आदर आहे त्याचे मूळ येथेच आहे. रंगद्रव्य आत जाताना स्नायू आकुंचन पावला, तर गर्भाशयाजवळची नळी बंद नसतानाही बंद दिसू शकते, त्यामुळे केवळ त्या चित्रावर निर्णय घेता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग हे नळ्या खराब होण्याचे एक मोठे कारण असल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना त्या तपासणीसाठी पाठवण्यात आला. तो अहवाल निर्दोष आला. त्यानंतर दुर्बिणीतून पोटाची तपासणी झाली. चौदाव्या वर्षी माझे अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता आणि त्याच्या खुणा वीस वर्षांनंतरही आत होत्या. उजव्या नळीची सुरुवात मोकळी होती, तपासणीसाठी सोडलेले निळे द्रव्य आत गेले, पण तिचे झालरीसारखे टोक आतड्याला चिकटून मिटले होते. डावी नळी पाण्याने भरून बोटाएवढी जाड झाली होती.

पाणी भरलेल्या या नळीबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज थेट बीजकोशातून काढले जाते, फलन प्रयोगशाळेत होते आणि भ्रूण गर्भाशयात सोडला जातो, त्यामुळे नळ्यांची गरजच उरत नाही; मग खराब नळी तशीच राहिली तर काय बिघडते, असा प्रश्न माझ्या सासूबाईंनीही विचारला होता. परंतु त्या नळीतील दूषित पाणी गर्भाशयात झिरपत राहते, भ्रूणाला रुजू देत नाही आणि आयव्हीएफमधील यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर आणते. म्हणून अशी नळी आधी काढून टाकणे किंवा गर्भाशयाजवळ तिचे तोंड बंद करणे हिताचे ठरते. मॅडमनी हे कागदावर आकृती काढून समजावले. नळी शस्त्रक्रियेने उघडण्याचा पर्यायही त्यांनी मांडला, पण इतक्या खराब झालेल्या नळीत पुन्हा अडथळा येण्याचा आणि गर्भ नळीतच राहण्याचा धोका मोठा आहे, हेही सांगितले. नळी काढताना बीजकोशाचा रक्तपुरवठा दुखावू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि दोन महिन्यांनी, अशी दोनदा एएमएच तपासणी, म्हणजे बीजकोशात स्त्रीबीजांचा किती साठा उरला आहे याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करून घेतली. स्वतःच्या शरीरातील एक अवयव कायमचा काढण्यास संमती देणे मला सोपे गेले नाही. विचार करायला तीन आठवडे मागितले, ते त्यांनी कोणतीही घाई न करता दिले.

आयव्हीएफचा टप्पा त्या मानाने सरळ गेला. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून अकरा दिवस पोटात इंजेक्शने होती. मी कोथरूडला मावशीकडे राहिले, कारण एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी असते आणि कोल्हापूरहून ये-जा शक्य नव्हती. पेनाने इंजेक्शन कसे घ्यायचे, हे सिस्टरनी दोनदा माझ्याच हातून करवून घेतले आणि औषध थंड ठेवण्यासाठी बर्फाचा डबा दिला. शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे छत्तीस तासांनी, थोडा वेळ भूल देऊन स्त्रीबीजे काढली. अकरा मिळाली, आठ परिपक्व होती, सहा फलित झाली आणि पाचव्या दिवसापर्यंत तीन भ्रूण टिकले. यजमानांचा शुक्राणूंचा अहवाल उत्तम असल्याने इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत, करण्याची गरज नाही, हे केंद्राने स्वतःहून सांगितले. इक्सीचे पैसे वेगळे लागतात, त्यामुळे हा प्रामाणिकपणा मला विशेष वाटला.

गर्भाशयात सोडलेला पहिला भ्रूण रुजला नाही. या वेळी केंद्राचे वागणे मला कमी पडलेले वाटले. रक्ताचा अहवाल स्वागतकक्षातील मुलीने दुपारी फोनवर एका वाक्यात सांगितला, डॉक्टरांची भेट पाच दिवसांनी मिळाली आणि समुपदेशक बाई फक्त गुरुवारी येत असल्यामुळे त्यांच्याशी बोलायला आणखी आठवडा गेला. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या २०२१ च्या कायद्यानुसार समुपदेशन ही केंद्राची जबाबदारी आहे, आणि जोडप्याला त्याची सर्वांत जास्त गरज अपयशाच्या दिवशी असते. प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लावलेली बाळांची छायाचित्रेही मला खुपली. ज्या बाईचा अहवाल नुकताच नकारार्थी आला आहे तिला त्यांच्यासमोर तासभर बसावे लागते. ती काढावीत अशी लेखी विनंती मी केली आहे.

खर्चाबाबतही स्पष्टता हवी होती. सुरुवातीला सांगितलेल्या एक लाख चाळीस हजारांत इंजेक्शने, भूलतज्ज्ञांचे शुल्क आणि भ्रूण गोठवण्याचा खर्च धरलेला नव्हता, तो मिळून आणखी ऐंशी हजारांच्या वर गेला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे बिल त्याहून वेगळे. शिवाय भ्रूणांच्या दर्जाची माहिती आधी तोंडीच दिली गेली. लेखी अहवाल मी दोनदा मागितल्यावर मिळाला. तो प्रत्येकीने मागून घ्यावा, पुढे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास त्याच्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

परंतु अपयशानंतर या केंद्राने एक गोष्ट केली नाही, आणि ती माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गर्भाशयाचे अस्तर खरवडणे किंवा तशाच अन्य महागड्या जोडउपचारांची यादी त्यांनी आमच्यापुढे ठेवली नाही. मी ऐकीव माहितीवरून त्याबद्दल विचारले, तेव्हा त्यासाठी पुरेसा शास्त्रीय आधार नाही, एका भ्रूणाचे अपयश म्हणजे उपचारात चूक झाली असे नव्हे, एवढेच मॅडम म्हणाल्या. त्याच भेटीत त्यांनी सांगितले की आयव्हीएफचा जन्मच आपल्यासारख्या स्त्रीसाठी झाला आहे : २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा, म्हणजे शास्त्रीय नोंद असलेल्या भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा, जन्म झाला. महापालिकेच्या रुग्णालयात झालेले ते काम आज आमच्यासारख्या सामान्य घराला दोन-अडीच लाखांना पडले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी गोठवून ठेवलेला दुसरा भ्रूण दोन महिन्यांनी सोडला. त्याला भूल लागत नाही, फक्त लघवी रोखून ठेवावी लागते. या वेळचा अहवाल सांगायला मॅडमनी स्वतः फोन केला. माझ्या तक्रारीनंतर ती पद्धत सर्वांसाठी बदलली, असे सिस्टरकडून कळले. बीटा एचसीजीची, म्हणजे दिवस राहिल्याचे दाखवणारी रक्ताची, तपासणी दोन दिवसांनी पुन्हा केली आणि सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीचा आग्रह धरला, कारण भ्रूण गर्भाशयात सोडला तरी तो उरलेल्या खराब नळीत सरकून तेथे वाढू शकतो. दिवस राहिल्याच्या आनंदात ही सोनोग्राफी टाळली, तर जिवावर बेतू शकते. गर्भ गर्भाशयातच होता.

सध्या अठरावा आठवडा चालू आहे आणि पुढील तपासण्या कोल्हापुरातच होत आहेत. तिसरा भ्रूण पुण्याला द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहे. कायद्याने तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, आणि पहिल्या वर्षाचे शुल्क आम्ही गेल्या महिन्यात भरले.