बिलॉक्सी ब्लूबेरी: हवेचं जमलं, मुळाचं तुमच्यावर

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो: रोप चांगलं आहे, लेबल अर्धवट आहे. ५ पैकी ३.५ तारे. कापलेला दीड तारा फळासाठी नाही, मुळासाठी आहे, आणि त्याबद्दल लेबलवर चकार शब्द नाही.

मी घेतलं ते बिलॉक्सी जातीचं टिश्यू कल्चरचं रोप. वीतभर उंची, बुडापासूनच फुटलेल्या बारीक फांद्या, पानांवर किंचित निळसर झाक. लेबलवर दोन दावे ठळक अक्षरांत: 'थंडी नको' आणि 'लवकर पिकते'. मी व्यवसायाने पाणी तपासणारा माणूस. बाटलीवर काय छापलंय यापेक्षा बाटलीत काय आहे ते बघायची खोड लागली आहे. तर आधी हे दोन दावे तपासू.

'थंडी नको' हे शब्दशः खरं नाही, पण फसवणूकही नाही. ब्लूबेरीच्या कळ्या थंडीच्या तोंडावर झोपतात आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट जाग्या होत नाहीत. ही थंडी तासांत मोजतात, साधारण ७ अंश सेल्सिअसखालचा प्रत्येक तास जमेला. थंड प्रदेशातल्या उंच झुडपाच्या ब्लूबेरीला असे ८०० ते १,००० तास लागतात. ते नाही मिळाले तर झाड मरत नाही, पण भांबावतं. एका फांदीला पालवी, शेजारची नुसती काडी, फुलं चार इकडे दोन तिकडे. बिलॉक्सी ज्या गटातली आहे त्या दक्षिणी जातींचं काम याच्या एका छोट्या हिश्श्यात भागतं. जिथे कडाका पडतच नाही तिथे त्या पानं न गाळता हिरव्याच राहतात. माझ्या झाडाने पानं गाळली नाहीत आणि कळ्या धरायचंही राहिलं नाही. दावा पास.

हा गुण मूळचा एका गुडघाभर उंचीच्या सदाहरित रानझुडपाचा, व्हॅक्सिनियम डॅरोवायचा. ते अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लोरिडाच्या वालुकामय रानात वाढतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडा विद्यापीठात राल्फ शार्प यांनी त्याचा उंच ब्लूबेरीशी संकर करायला घेतला. कागदावर हे जमायलाच नको. ब्लूबेरीत गुणसूत्रांचा मूळ संच १२ चा. डॅरोवायमध्ये असे दोन संच, म्हणजे २४. उंच ब्लूबेरीत चार, म्हणजे ४८. सरळ हिशेबाने संकरात तीन संच येतात, आणि असं बी बहुधा धरतच नाही. पण डॅरोवाय अधूनमधून परागकण किंवा बीजांड बनवताना गुणसूत्रं निम्मी करायचीच विसरतं, सगळी २४ तशीच पुढे जातात. उंच ब्लूबेरीकडून येणारा निम्मा वाटाही २४ चाच. गाठ बसते, रोप चार संचांचं निघतं, आणि त्याला पुढे फळही येतं. झाडाच्या या विसरभोळेपणावर दक्षिणी ब्लूबेरीचा सगळा डोलारा उभा आहे. मला हा भाग फळापेक्षा जास्त आवडतो, त्याला इलाज नाही.

शार्प यांच्या नावाने ओळखली जाणारी शार्पब्लू ही जात सत्तरच्या दशकाच्या मध्यात आली. त्यांच्यानंतर पॉल लायरीन यांनी तिथलं काम पुढे नेलं आणि एमराल्ड, ज्वेल वगैरे जाती दिल्या. बिलॉक्सी मात्र अमेरिकी कृषी खात्याच्या मिसिसिपीतल्या पॉपलरव्हिल इथल्या केंद्राची, १९९८ ची. पेरू देशाच्या किनारी वाळवंटात ब्लूबेरीच्या बागा पसरल्या आणि तो देश ताज्या ब्लूबेरीच्या निर्यातीत पहिल्या नंबरवर गेला, त्याच्या सुरुवातीच्या काळात बिलॉक्सीने फार मोठा भार उचलला. तेव्हा उष्ण हवेत ही जात चालते की नाही, हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे.

आता 'लवकर पिकते'. यात दोन वेगळे गुण एकाच शब्दात कोंबलेले आहेत. एक, झाड फुलतं लवकर. दुसरा, फुलापासून पिकलेल्या फळापर्यंतचा काळ कमी. लवकरच्या दक्षिणी जातींत हा काळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो, उलट रॅबिटआय नावाच्या दुसऱ्या गटात तो तीन महिन्यांकडे जातो. जिथे उशिरा दहिवर गोठतं तिथे पैदासकाराला नुसतं लवकर फुलणं नकोच असतं, कारण उघडलेली फुलं एका रात्रीत करपतात. तिथे हवं असतं उशिरा फुलून झटपट पिकणारं झाड. बिलॉक्सी लवकर फुलते. गोठणाऱ्या रात्रींच्या भागात राहत असाल तर हीच तिची अडचण ठरेल. नसाल तर फायदाच, कारण कडक उन्हाळा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत फळ हाताशी येतं. उकाड्यात, त्यातही रात्री गरम असल्या की, फळ मऊ पडतं आणि चव पातळ होते. पावसात पिकलेलं फळ तडकतं.

लवकरच्या जातींत आणखी एक खोट शिरते, ती लेबलवर कधीच नसते. फुलं पानांच्या आधी आली तर फळाला जेवू घालणार कोण? मिस्टी ही जात याबाबतीत बदनाम आहे. फांदी कळ्यांनी नुसती लगडते, पालवी मागे राहते, आणि शेवटी हाती येतात बारीक, आंबट गोळ्या. शिवाय झाड थकतं ते वेगळंच. मिस्टीच्या कळ्या छाटून निम्म्या कराव्या लागतात. माझ्या बिलॉक्सीने जुनी पानं टिकवून ठेवल्यामुळे हा प्रश्न फारसा आला नाही. तरी पहिल्या बहाराची बहुतेक फुलं मी खुडून टाकली, कारण वीतभर रोपाला फळांच्या ओझ्यापेक्षा फांद्यांची गरज जास्त. घरच्यांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं कमी केलं होतं.

फूल म्हणजे उलटी टांगलेली छोटी सुरई, तोंड अरुंद. आतले परागकोश फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला भोक असतं. तिथून पराग झडायला थरथर लागते. भुंगे फुलाला लटकून अंग थरथरवतात, साध्या मधमाशीला ते येत नाही. भुंगे नसतील तर फूल अंगठ्याच्या नखावर धरून बोटाने हलकेच फिरवा. फिकट पिवळसर भुकटी नखावर दिसते. ती दुसऱ्या झाडाच्या फुलातून डोकावणाऱ्या कुक्षीच्या टोकाला टेकवायची. पैदासकारही जवळपास असंच करतात, फक्त ते आधी पाकळ्यांची टोपी आणि परागकोश काढून फूल मोकळं करतात, म्हणजे स्वतःचा पराग मध्ये येत नाही. मग बी, बियांपासून हजारो रोपं, त्यातलं प्रत्येक वेगळं. वर्षानुवर्षं ओळींतून फिरत, फळ चावून बघत, देठाची खूण कोरडी आहे का, फळ दाबल्यावर टणक लागतं का, असं करत बाकीची उपटायची. संकरापासून जात बाजारात येईपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात.

यावरूनच एक इशारा. बिलॉक्सीचं बी म्हणून पाकिटं विकली जातात. घेऊ नका. बियांतून बिलॉक्सी येतच नाही, तिची भावंडं-चुलत भावंडं येतात, आणि त्यातली बहुतेक पैदासकाराने पहिल्याच वर्षी उपटली असती. जात टिकते ती फक्त छाट कलमातून किंवा टिश्यू कल्चरमधून.

फळ मध्यम आकाराचं, टणक, वरची मेणाची पांढुरकी झाक छान. मोठ्या फळाची हौस असेल तर एमराल्ड बघा, ती जाडजूड असते. चवीला बिलॉक्सी गोड, मागे हलका आंबटपणा, पण एका अटीवर: धीर धरा. फळ निळं होतं त्या दिवशी ते पिकलेलं नसतं. देठाकडची बाजू उलटून बघा, तिथे तांबूस कडी दिसली तर अजून काही दिवस राहू द्या. तोडल्यावर ही बेरी रंग बदलेल, मऊ पडेल, पण गोड होणार नाही. घोस एकदम पिकत नाही, त्यामुळे एकेक वेचावं लागतं. गोड फळ अंगठ्याच्या नुसत्या हलक्या ढकलण्याने हातात येतं, ओढावं लागलं तर समजावं की घाई झाली.

आता दीड तारा कुठे गेला ते. पैदासकारांनी झाडाचा वरचा भाग उष्ण हवेशी जुळवला. खालचा भाग अजून रानातलाच आहे. ब्लूबेरीच्या मुळांना केसमुळं नसतात, तंतू बारीक आणि वरच्या थरात पसरलेले. माती आम्लधर्मी लागते, सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.५ ते ५.५. हे काही आजचं ज्ञान नाही. अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्येच ते प्रयोगांनिशी छापलं, आणि त्यानंतरच ब्लूबेरी रानातून शेतात आली. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट लेबलवर एका ओळीत मावली असती. त्याऐवजी माझ्या रोपासोबत आलेल्या चिठ्ठीत होतं 'कोणतीही चांगली माती, नियमित पाणी'. हे वाचून माझ्यातला पाणीवाला खवळला.

मी मुद्दाम दोन रोपं घेतली होती. एक पीट मॉस आणि पाइनच्या सालीच्या भुग्यात, साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर. दुसरं त्याच मिश्रणात, पण नळाच्या पाण्यावर. सुरुवातीला दोघं सारखीच. मग नळाच्या रोपाची शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाच्या कमतरतेचं हे पुस्तकी चित्र. कुंडीत लोह नसतं असं नाही, सामू चढला की ते विरघळत नाही, म्हणून मुळाला मिळत नाही.

आणि इथे लोक हमखास चुकीचा आकडा बघतात. पाण्याचा नुसता सामू बघून उपयोग नाही, बायकार्बोनेट बघा, म्हणजे पाण्यात विरघळलेला, आम्ल मारणारा क्षार. ८ सामूच्या पाण्यात बायकार्बोनेट कमी असेल तर ते फारसा त्रास देत नाही. ७.५ च्या पाण्यात ते भरपूर असेल तर दर पाण्यागणिक मिश्रणाची आम्लता खात राहतं. तुम्ही आम्लता वाढवायला एकदा गंधक टाकून मोकळे होता, पाणी मात्र आपलं काम रोज करत असतं. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं, म्हणून ते सोन्यासारखं जपा. खत नायट्रेटचं नको, अमोनियमचं हवं, अमोनियम सल्फेट थोडं थोडं. पोटॅश द्यायचं तर सल्फेटचं. क्लोराइड या झाडाला सोसत नाही.

मुळावरही काम चालू आहे, अगदीच अंधार नाही. स्पार्कलबेरी नावाची एक रानजात आहे, व्हॅक्सिनियम आर्बोरियम, झाडासारखी वाढणारी. तिचं मूळ खोल जातं आणि कमी आम्ल माती, कमी पाणी दोन्ही सोसतं. तिच्यावर ब्लूबेरीचं कलम बांधून बघितलं गेलं आहे, आणि लायरीन यांनी तिचे डॅरोवायशी संकर करून ते रक्त उंच ब्लूबेरीत आणायची वाटही धरली. असं रोप कुंडीसाठी सहज मिळायला लागलं तर मी माझे तारे परत मोजेन.

तोपर्यंत घ्यायचं कुणी? ज्यांच्याकडे पावसाचं पाणी साठवायची सोय आहे आणि मोठी, चांगल्या निचऱ्याची कुंडी आहे, त्यांनी बेलाशक. बोअरच्या जड पाण्यावर सगळी बाग चालवणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. आणि एकटं रोप घेऊ नका. बिलॉक्सी एकटीही फळते, पण दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तर फळ मोठं होतं आणि पिकतंही थोडं आधी. जोडीला त्याच सुमारास फुलणारी दक्षिणी जात हवी, म्हणून दोन्हींच्या फुलायच्या वेळा विकणाऱ्याला विचारा. त्याला सांगता येत नसेल तर दुसरीकडे बघा.